स्टार्टअपवर संशोधन करताना: प्रश्न, यादी आणि बंद पडलेल्या कंपन्यांचा शोध

वाणिज्य किंवा व्यवस्थापन विभागात पीएचडीला नाव घातलेल्या कुणालाही विषय विचारा. ‘स्टार्टअप’, ‘उद्योजकता’ किंवा ‘इनोव्हेशन’ यांतला एखादा शब्द हल्ली हमखास ऐकू येतो. विषय चांगलाच आहे. नोकरी सोडून, घरचे पैसे घालून माणूस काहीतरी उभं करायला निघतो तेव्हा नेमकं काय घडतं, हे समजून घेण्याची आपल्याकडे फार गरज आहे. मुंबई-पुण्याबाहेरच्या उद्योजकांकडे तर अभ्यासकांचं अजून पुरेसं लक्षही गेलेलं नाही. पण याच विषयात सुरुवातीलाच अडकून पडणारेही पुष्कळ आहेत, आणि त्याचं कारण बहुतेकदा एकच असतं. आपण कुणाचा अभ्यास करतोय आणि आपल्या यादीतून कोण सुटतंय, हे ठरवण्याआधीच प्रश्नावली छापून होते. पुढे आकडेमोड कितीही चोख केली तरी ती चूक भरून निघत नाही.

पहिल्यांदाच या वाटेला लागलेल्यांसाठी पुढचे टप्पे क्रमाने लिहिले आहेत. यादीचा भाग मुद्दाम लांब ठेवलाय, कारण काम तिथेच बिघडतं.

विषय मिळाला, आता प्रश्न शोधा

‘महाराष्ट्रातील स्टार्टअप्स : समस्या व संधी – एक चिकित्सक अभ्यास’. अशा धाटणीचे मथळे आपल्या विद्यापीठांत इतके रुळलेत की सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहिताना हात आपोआप तिकडेच वळतो. या मथळ्यात विषय आहे, पण प्रश्न कुठेच नाही. ज्याची किमान दोन वेगळी उत्तरं निघू शकतात आणि त्यांतलं खरं कोणतं हे आज तुम्हाला ठाऊक नाही, तो प्रश्न. ‘स्टार्टअपना भांडवलाची अडचण येते का?’ असं विचारलं, तर ‘नाही’ म्हणणारा संस्थापक तुम्हाला भेटणार नाही. मग अभ्यास कशासाठी?

त्याऐवजी असं विचारून बघा: ‘नाशिक जिल्ह्यात शेतकऱ्यांना सेवा विकणाऱ्या नव्या कंपन्यांना पहिले दहा पैसे मोजणारे शेतकरी कुणामार्फत मिळाले?’ कृषी सेवा केंद्राच्या दुकानदारामार्फत, शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत, नात्यागोत्यातून की मोबाइलवरच्या जाहिरातीतून? इथे उत्तर आधी ठरलेलं नाही. जिल्हा एक, व्यवसायाचा प्रकार एक, आणि ‘पहिले दहा ग्राहक’ ही अशी गोष्ट आहे की संस्थापक बिलबुक उघडून दाखवू शकतो. हाच प्रश्न पुढे उदाहरण म्हणून वापरतो.

गाईडकडे जाण्याआधी एक काम करा. एका कागदावर आपल्या अभ्यासाचे दोन परस्परविरोधी निष्कर्ष लिहा आणि प्रत्येकाखाली लिहा की तो खरा ठरला तर कोणाचा कोणता निर्णय बदलेल. दोन निष्कर्ष सुचतच नसतील, तर प्रश्न अजून पिकलेला नाही.

वाचन थोडं, पण मुळापासून

उद्योजकतेवरचं लिखाण अफाट आहे. सगळं वाचून मग सुरुवात करू म्हणाल तर वर्ष निघून जाईल. चार ठिकाणांपासून सुरुवात करा आणि प्रत्येक वाचताना आपला नाशिकचा प्रश्न शेजारी ठेवा.

पहिला अर्थतज्ज्ञ जोसेफ शुम्पीटर. १९११ च्या ग्रंथात त्यांनी उद्योजकाला ‘नवी जुळणी करणारा’ म्हटलं. नवं उत्पादन, उत्पादनाची नवी पद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत किंवा उद्योगाची नवी रचना, असे पाच प्रकार त्यांनी मांडले. दुसरे अर्थतज्ज्ञ इस्रायल कर्झनर. १९७३ मध्ये त्यांनी भर दिला तो इतरांच्या नजरेतून सुटलेली संधी हेरण्यावर. तिसरा लेख स्कॉट शेन आणि एस. वेंकटरामन यांचा, सन २०००चा. संधी कोण ओळखतं, कशी ओळखतं, तिचं पुढे काय करतं आणि त्याचे परिणाम काय होतात, हा या विद्याशाखेचा गाभा असावा, अशी मांडणी त्यात आहे. चौथा २००१ मधला सरस सरस्वती यांचा लेख. अनुभवी उद्योजक आधी ध्येय ठरवून साधनं गोळा करत नाहीत. मी कोण आहे, मला काय येतं, माझ्या ओळखीचे कोण आहेत इथून ते निघतात, आणि नफा किती होईल यापेक्षा तोटा किती झेपेल हे आधी बघतात, असं त्या सांगतात. त्यांच्या मूळ अभ्यासात २७ मुरलेले उद्योजक होते. एक व्यावसायिक पेच समोर ठेवून मनात येईल ते मोठ्याने बोलत तो सोडवा, असं त्यांना सांगितलं होतं.

नाशिकच्या प्रश्नाला यातला शेवटचा विचार थेट भिडतो. पहिले ग्राहक ओळखीतूनच आले असतील, तर सरस्वती यांच्या मांडणीला बळ मिळतं. दुकानदाराच्या जाळ्यातून आले असतील, तर गोष्ट वेगळीच होते. सिद्धांत वाचायचा तो यासाठी. ‘साहित्याचा आढावा’ या प्रकरणात पन्नास नावांची माळ ओवण्यात काही हशील नाही.

पुढचं वाचन या चार ठिकाणांतूनच फुटतं. गुगल स्कॉलरवर लेखाखाली त्याचा संदर्भ नंतर कुणी घेतला याची यादी मिळते. त्यात ‘इंडिया’ किंवा ‘ॲग्रिकल्चर’ घालून शोधा. ‘रिसर्च पॉलिसी’, ‘जर्नल ऑफ बिझनेस व्हेंचरिंग’, ‘स्मॉल बिझनेस इकॉनॉमिक्स’ आणि अहमदाबादच्या भारतीय उद्यमिता विकास संस्थेचं ‘जर्नल ऑफ आन्त्रप्रन्युअरशिप’ ही नियतकालिकं चाळत राहा. पैशांची अडचण असेल तर ग्रंथपालांना विचारा. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेखाली केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली आहेत. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात आपल्या विषयाचे जुने प्रबंध उघडा आणि त्यांची परिशिष्टं आधी वाचा. प्रश्नावली कशी होती, नमुना कुठून आला, हे तिथे कळतं.

स्टार्टअप म्हणायचं कुणाला?

व्याख्येचा परिच्छेद बहुतेक प्रबंधांत उरकला जातो, पण सगळा खेळ तिथेच ठरतो.

केंद्र सरकारची व्याख्या घेतली तर ती एकच राहिलेली नाही. ‘स्टार्टअप इंडिया’ची घोषणा १६ जानेवारी २०१६ ला झाली आणि फेब्रुवारीत निघालेल्या अधिसूचनेत स्थापनेपासून ५ वर्षं आणि २५ कोटी रुपयांपर्यंत उलाढाल अशी मर्यादा होती. मे २०१७ मध्ये ५ ची ७ वर्षं झाली, जैवतंत्रज्ञानासाठी १०. १९ फेब्रुवारी २०१९ च्या अधिसूचनेने ती सरसकट १० वर्षं आणि १०० कोटी केली. त्यामुळे २०१६ ते २०२० या काळातली मान्यताप्राप्त स्टार्टअपची वाढ तुम्ही आलेखावर दाखवली, तर त्यातला काही भाग व्याख्या रुंदावल्याने आलेला आहे. तुमच्या अभ्यासाच्या काळात कोणती अधिसूचना लागू होती, ते काढा आणि प्रबंधात तिची तारीख लिहा.

याच २०१९ च्या व्याख्येत खासगी मर्यादित कंपनी, नोंदणीकृत भागीदारी संस्था आणि एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) बसत होत्या. एकल मालकीचा धंदा बसत नव्हता, सहकारी संस्था बसत नव्हती. महाराष्ट्रात ही गाळणी फार मोठी होती. गिरगावात १९५९ मध्ये सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेला लिज्जत पापडाचा उद्योग २०१९ मध्ये नव्याने त्याच रूपात सुरू झाला असता, तर या व्याख्येत शिरलाच नसता.

दुसऱ्या टोकाला ग्लोबल आन्त्रप्रन्युअरशिप मॉनिटर हे १९९९ पासून चालू असलेलं आंतरराष्ट्रीय सर्वेक्षण आहे. ते कंपन्या मोजत नाही, माणसं मोजतं. १८ ते ६४ वयोगटातली, धंदा सुरू करण्याच्या खटपटीत असलेली किंवा ४२ महिन्यांच्या आतला धंदा चालवणारी व्यक्ती त्यात धरली जाते. चौकात दोन वर्षांपासून वडापावची गाडी लावणारी ताई इथे उद्योजक आहे. सरकारच्या स्टार्टअप यादीत ती नाही. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, पण एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी ठेवले की निष्कर्ष चुकतो.

माझं मत विचाराल तर नवख्याने सरकारी व्याख्या जशीच्या तशी उचलू नये. आपल्या प्रश्नाला लागेल तेवढी स्वतःची व्याख्या दोन ओळींत लिहावी आणि ती सरकारी व्याख्येहून कुठे वेगळी आहे ते सांगावं. नाशिकसाठी: ‘२०१६ नंतर सुरू झालेला, नाशिक जिल्ह्यात काम करणारा, शेतकऱ्याकडून सेवेचे पैसे घेणारा व्यवसाय, नोंदणीचा प्रकार कोणताही.’

यादी बनवणं हेच निम्मं काम

तयार यादी कुठेच मिळत नाही. मिळालीच तर ती कुणीतरी स्वतःच्या कामासाठी केलेली असते. गुंतवणुकीची माहिती देणाऱ्या ट्रॅक्सन, क्रंचबेस अशा संकेतस्थळांवर पैसे उभारलेल्या कंपन्या ठळक दिसतात, कारण बातमी तिथून होते. इन्क्युबेटरच्या, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा आणि मार्गदर्शन देणाऱ्या केंद्राच्या, यादीत तिथे प्रवेश मिळालेलेच असतात. आयआयटी मुंबईचं ‘साइन’ किंवा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर इथल्या कंपन्या पाहून ‘महाराष्ट्रातले स्टार्टअप’ असं विधान करता येणार नाही.

म्हणून तीन-चार वेगळ्या वाटांनी नावं गोळा करा: स्टार्टअप इंडियाची मान्यता यादी, जिल्हा उद्योग केंद्र, कृषी प्रदर्शनांतले स्टॉलधारक, जवळच्या इन्क्युबेटरची यादी, आणि दोन-तीन स्थानिक सीए. सीएंना कुणी विचारत नाही, पण नव्या कंपन्यांची खबर सगळ्यात आधी त्यांनाच असते. सगळी नावं एका एक्सेल शीटमध्ये घाला आणि एक रकाना ‘नाव कुठून मिळालं’ यासाठी राखून ठेवा. हा रकाना विसरू नका. एकाच वाटेने आलेली आणि इतरत्र कुठेच नसलेली नावं किती, यावरून आपली यादी किती अपुरी आहे याचा अंदाज येतो.

यानंतर कंपनी व्यवहार मंत्रालयाचं संकेतस्थळ. कंपनीची मूळ माहिती तिथे फुकट दिसते. थोडं शुल्क भरलं की तिने दाखल केलेली कागदपत्रंही बघता येतात. सुरुवात कंपनीच्या २१ अक्षर-अंकी ओळख क्रमांकापासून करा. समजा क्रमांकाची सुरुवात यू ७२२०० एमएच २०१६ पीटीसी अशी आहे आणि पुढे सहा आकडे आहेत. ‘यू’ म्हणजे शेअर बाजारात नोंद नाही. ‘७२२००’ हा उद्योगाचा संकेतांक. ‘एमएच’ म्हणजे नोंदणीकृत कार्यालय महाराष्ट्रात, ‘२०१६’ स्थापनेचं वर्ष, ‘पीटीसी’ म्हणजे खासगी मर्यादित कंपनी, आणि शेवटचे सहा आकडे नोंदणी क्रमांक.

यातला उद्योग संकेतांक जपून वापरा. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाच्या २००४ च्या आवृत्तीत ७२ म्हणजे संगणकविषयक काम. २००८ च्या आवृत्तीत ७२ म्हणजे वैज्ञानिक संशोधन आणि विकास, संगणकाचं काम तिथे ६२ मध्ये गेलं. कंपन्यांच्या क्रमांकांत जुनं वर्गीकरण बरीच वर्षं चालत राहिलं. २००८ ची पुस्तिका उघडून तुम्ही ७२ ने सुरू होणाऱ्या सगळ्या कंपन्या ‘संशोधन करणाऱ्या’ म्हणून मोजल्या, तर शेकडो सॉफ्टवेअर कंपन्या प्रयोगशाळा ठरतील. शिवाय संकेतांक ठरतो नोंदणीच्या दिवशी. द्राक्षबागायतदारांना फवारणीचा सल्ला विकणारी कंपनी कागदावर सॉफ्टवेअर कंपनीच राहते. म्हणून आपल्या यादीतल्या प्रत्येक कंपनीचं काम स्वतः वाचून, स्वतःच्या रकान्यात मराठीत लिहा. कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

पत्त्याचंही तसंच. नोंदणीकृत पत्ता संस्थापकाच्या घरचा असू शकतो, सीएच्या कार्यालयाचा असू शकतो. काही कंपन्यांची मूळ कंपनी सिंगापूरला किंवा अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात असते आणि भारतातली तिची उपकंपनी असते. मग भारतातल्या ताळेबंदावरून पूर्ण चित्र मिळत नाही.

कागदपत्रांत तीन नावं लक्षात ठेवा. आर्थिक विवरणं ‘एओसी-४’ मध्ये, वार्षिक विवरण ‘एमजीटी-७’ मध्ये, नवे शेअर दिल्याची नोंद ‘पास-३’ मध्ये. वर्तमानपत्रात ‘अमुक कोटींची गुंतवणूक’ छापून येते तेव्हा ती रक्कम हप्त्याहप्त्याने यायची असू शकते, तिच्यात कर्जही मिसळलेलं असू शकतं. शेअरपोटी प्रत्यक्ष किती आले, ते पास-३ सांगतं. बातमीचा आकडा आणि पास-३ चा आकडा शेजारी ठेवला, की गुंतवणुकीविषयी एक छोटा स्वतंत्र लेखसुद्धा होऊ शकतो.

बंद पडलेल्यांकडे जा

यशस्वी स्टार्टअपच्या मुलाखती घेऊन ‘यशाचे घटक’ काढणारे प्रबंध ढीगभर आहेत. चिकाटी, जोखीम घेण्याची तयारी, कुटुंबाचा पाठिंबा, असे घटक त्यात सापडतात. बुडालेल्यांकडेही चिकाटी होती की नव्हती, हे तपासल्याशिवाय या निष्कर्षाला काहीही अर्थ नाही. आणि बुडालेले आपणहून भेटत नाहीत. त्यांचं संकेतस्थळ बंद झालेलं असतं, फोन बदललेला असतो आणि संस्थापक बंगळुरूला नोकरी करत असतो.

तरी त्यांचा माग काढता येतो. मंत्रालयाच्या नोंदीत प्रत्येक कंपनीची स्थिती लिहिलेली असते. ‘स्ट्राइक ऑफ’ दिसलं की कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४८ खाली तिचं नाव निबंधकाच्या नोंदवहीतून काढलं गेलंय असं समजा. इथेही दोन प्रकार आहेत. कंपनीने स्वतः ‘एसटीके-२’ अर्ज करून बंद केलं, की विवरणपत्रं भरली नाहीत म्हणून निबंधकाने काढलं? पहिल्यात संस्थापकाने ठरवून दार लावलं, दुसऱ्यात तो कदाचित कधीच निघून गेला होता.

२०१७ सालाविषयी विशेष खबरदारी घ्या. त्या वर्षी सरकारने विवरणपत्रं न भरणाऱ्या कंपन्यांविरुद्ध मोहीम काढून दोन लाखांहून जास्त नावं एकदम वगळली. तुमच्या तक्त्यात त्या वर्षी ‘मृत्युदर’ उंच उडालेला दिसला, तर तो बाजाराचा फटका समजू नका. या कंपन्या प्रत्यक्षात कधी थांबल्या, ते त्यांचं शेवटचं विवरणपत्र कोणत्या वर्षाचं आहे यावरून ठरवा. याउलट ‘ॲक्टिव्ह’ असलेल्या कित्येक कंपन्यांत तीन-तीन वर्षं एक रुपयाचं उत्पन्न नसतं. आणि दुसऱ्या कंपनीने विकत घेतल्यामुळे नाव संपलं असेल, तर त्याला अपयश म्हणता येत नाही.

संचालकांची नावं नोंदीत मिळतात. लिंक्डइनवर शोधा, ओळखीतून निरोप पाठवा. पहिल्या संदेशात ‘तुमच्या अपयशाचा अभ्यास करतोय’ असं चुकूनही लिहू नका. ‘तुम्ही २०१८ मध्ये नाशिकला जे काम सुरू केलं होतं, त्याबद्दल ऐकायचंय’ एवढं पुरे. बरेच जण बोलतात, आणि मनापासून बोलतात, कारण आजवर त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. जे भेटले नाहीत त्यांची संख्या लिहून ठेवा. ती प्रबंधात द्यायची आहे.

नवेपणा मोजताना

इनोव्हेशन मोजायचं म्हटलं की सगळे पेटंटकडे धावतात, कारण पेटंटचा आकडा आयता मिळतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातले दादाजी खोब्रागडे यांचं काम डोळ्यापुढे आणा. १९८३ मध्ये पटेल-३ या भाताच्या पिकात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी ते बी वेगळं ठेवलं, वर्षानुवर्षं निवडून वाढवलं, आणि त्यातून तांदळाचं वाण तयार झालं. त्या काळी गाजलेल्या घड्याळावरून त्याला एचएमटी हे नाव पडलं. ते अनेक राज्यांत पसरलं. दादाजी २०१८ मध्ये गेले. आता पेटंटच्या यादीत हे काम शोधायला गेलात तर हाती शून्य येईल, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(जे) नुसार वनस्पती, बियाणं आणि वाण यांना पेटंट मिळतच नाही. कलम ३(के) निव्वळ संगणक प्रणालीलाही बाहेर ठेवतं. म्हणजे शेती आणि सॉफ्टवेअर, आपल्या नाशिकच्या कंपन्या जिथे काम करतात त्या दोन्ही ठिकाणी पेटंटचा आकडा आंधळा आहे. भर म्हणजे अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतात, त्यामुळे ताज्या वर्षाचा आकडा कायम कमीच दिसतो.

मग मोजायचं कसं? ओस्लो मॅन्युअल या इनोव्हेशन मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेची २०१८ ची चौथी आवृत्ती आधाराला घ्या. आधीच्यापेक्षा लक्षणीय वेगळं असं उत्पादन किंवा कामाची पद्धत, आणि ती वापरणाऱ्यांपर्यंत पोचलेली किंवा वापरात आलेली, असा तिचा निकष आहे. ‘वापरात आलेली’ हा भाग महत्त्वाचा. दादाजींचं वाण यात बसतं, आणि कपाटात पडून राहिलेलं पेटंट बसत नाही. नाशिकच्या शेतकऱ्याला विचारा, या कंपनीची सेवा घेतल्यापासून तुम्ही कोणतं काम वेगळ्या रीतीने करता? उत्तर ‘काही नाही’ असेल, तर तेही लिहा.

प्रश्नावली आणि ३८४ चा आकडा

आपल्याकडच्या प्रबंधांत ३८४ हा आकडा वारंवार भेटतो. तो येतो तो असा: ९५ टक्के विश्वासपातळीसाठी १.९६, त्याचा वर्ग, गुणिले ०.२५, भागिले ०.०५ चा वर्ग, म्हणजे ३८४.१६. क्रेसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यातही मोठ्या लोकसंख्येसमोर हाच आकडा आहे. पण हे गणित फक्त एवढंच सांगतं की पूर्ण यादीतून चिठ्ठ्या टाकून ३८४ जण निवडले, तर एखादं प्रमाण ५ टक्के कमी-जास्त फरकाने सांगता येईल. व्हॉट्सॲप ग्रुपवर गुगल फॉर्म फिरवून आलेल्या ३८४ उत्तरांना हे गणित लागू होत नाही. कोणत्याच आकड्याला होत नाही. नाशिक जिल्ह्यात तुमच्या व्याख्येत जेमतेम साठ कंपन्या बसत असतील, तर साठही गाठा. नमुना काढायची गरजच उरत नाही.

परदेशी प्रश्नावली उचलताना तिचे पर्याय बदला. पहिलं भांडवल कुठून आलं, या प्रश्नाखाली ‘बँक, गुंतवणूकदार, स्वतःची बचत, इतर’ एवढंच ठेवलं तर निम्मी उत्तरं ‘इतर’मध्ये जाण्याची भीती असते. भिशी, पतसंस्था, सोनेतारण, भावाकडून उसने, बायकोच्या पगारावर चाललेलं घर, जमीन गहाण, हे पर्याय लिहून द्या. खरा फॉर्म पाठवण्याआधी पाच-सहा जणांकडून समोर बसून भरून घ्या आणि ते कुठे थांबतात, ते बघा.

मुलाखत

नवख्याने संख्याशास्त्राच्या मागे लागण्यापेक्षा आठ-दहा कंपन्यांचा खोल अभ्यास करावा, असं मला वाटतं. कॅथलीन आयझेनहार्ट यांनी १९८९ च्या लेखात केस स्टडीतून सिद्धांत उभारण्यासाठी ४ ते १० केस हा पल्ला सुचवला होता. तो आजही सोयीचा आहे. केस निवडताना चालू आणि बंद, दोन्ही घ्या.

संस्थापकाने आपली कहाणी गुंतवणूकदारांसमोर, बक्षीस समारंभात, कॉलेजातल्या भाषणांत अनेकदा सांगितलेली असते. तुम्ही ‘प्रवास कसा सुरू झाला?’ विचारलं की तीच घासूनपुसून तयार झालेली कहाणी बाहेर येते. तारखेला आणि कागदाला धरून विचारा. पहिलं बिल कुणाच्या नावाने फाडलं? बिलबुक आहे का? त्या शेतकऱ्याचा नंबर तुम्हाला कुणी दिला होता? त्या महिन्यात घरखर्च कोणी केला? पहिल्या सेवेचा दर काय ठेवला आणि कुणाला विचारून? फोनमधला त्या दिवसाचा मेसेज दाखवाल का? ‘हंगामात अंदाजे शंभर शेतकरी होते’ म्हणणारा माणूस बिलबुक उघडल्यावर ‘हां, पैसे दिलेले सतराच दिसतात, बाकीच्यांना फुकट दिलं होतं’ असं सांगू शकतो. हे तुमच्याशी खोटं बोलणं नव्हे. आठवण अशीच चालते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या सतरांत आहे.

एका कंपनीसाठी एकाच माणसाशी बोलून थांबू नका. सोडून गेलेला भागीदार, पहिला कामगार, दोन ग्राहक, जमलं तर ‘नको’ म्हणणारा एक ग्राहक. मुलाखत मराठीत झाली तर टंकलेखन मराठीतच करा, वर्गीकरणही मराठीतच. प्रबंध इंग्रजीत द्यायचा असेल तर शेवटी लागतील तेवढीच वाक्यं भाषांतरित करा. त्याच दिवशी रात्री अर्धा तास टिपण लिहा: कार्यालय कसं होतं, कुणी मध्येच फोन केला, कोणत्या प्रश्नावर माणूस गप्प झाला.

इन्क्युबेटरमुळे फायदा झाला का?

हा प्रश्न लोकप्रिय आहे आणि त्यात एक मोठा खड्डा आहे. इन्क्युबेटर मुळात चांगल्या वाटणाऱ्या कंपन्याच निवडतो. त्या पुढे गेल्या, तर श्रेय निवडीचं की मदतीचं? त्यासाठी तुलनेचा गट हवा, आणि निवडीच्या अगदी उंबरठ्यावरून परत गेलेले अर्जदार हा त्यातला उत्तम गट. आपल्या देशात ही दृष्टी जुनी आहे. १९६४ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी आंध्र प्रदेशातल्या काकीनाडा इथल्या व्यावसायिकांना कर्तृत्वप्रेरणेचं प्रशिक्षण दिलं, आणि नंतर त्यांची तुलना प्रशिक्षण न घेतलेल्या व्यावसायिकांशी करून बघितली. त्या निष्कर्षांवर पुढे वाद झाले, पण तुलनेची शिस्त शिकण्यासाठी तो अभ्यास जरूर वाचा. नाकारलेल्या अर्जांची यादी इन्क्युबेटर सहजी देत नाही. विभागप्रमुखांचं पत्र आणि नावं गुप्त ठेवण्याची लेखी हमी घेऊनच जा.

संमती, गोपनीयता आणि छपाई

संमतीपत्र मराठीत, एका पानाचं. रेकॉर्डिंग कुठे ठेवणार, कधी पुसणार, मध्येच माघार घेता येईल का, एवढं त्यात असू द्या. नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं होत नाही. ‘तालुक्यातला ड्रोनने फवारणी करणारा एकमेव संस्थापक’ असं लिहिलंत तर सगळा तालुका ओळखेल. तालुक्याऐवजी जिल्हा सांगा, व्यवसायाचं वर्णन थोडं ढोबळ करा, आणि तसं केलंय हे प्रबंधात सांगा. मजकूर छापण्याआधी त्या माणसाला त्याचा भाग वाचायला द्या.

प्रकाशनाची घाई नको. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएचडी नियमांत प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती उरलेली नाही. तरी तुमच्या विद्यापीठाचा नियम बघून घ्या. आयोगाने मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे नियतकालिक खरं की पैसे घेऊन छापणारं, हे आता आपणच ओळखायचं. संपादक मंडळातल्या दोघांना ईमेल करून ते खरंच तिथे आहेत का, विचारा. मागच्या अंकातले तीन लेख वाचा. आठवड्यात स्वीकृतीची हमी देणाऱ्याकडे फिरकू नका. वाङ्मयचौर्याच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पण सॉफ्टवेअरचा आकडा खाली आणण्यासाठी शब्द फिरवत बसण्यापेक्षा वाचलेलं बाजूला ठेवून स्वतःच्या वाक्यात लिहिण्याची सवय लावा.

पद्धतीच्या प्रकरणात एक तक्ता हवाच: एकूण नावं किती मिळाली, कोणत्या वाटेने किती, व्याख्येत न बसल्याने किती वगळली, किती बंद पडलेली निघाली, किती सापडलीच नाहीत, किती जणांनी नकार दिला, किती जणांशी बोलणं झालं. व्हायवात (तोंडी परीक्षेत) बाहेरचे परीक्षक या तक्त्यावरच प्रश्न विचारतील, आणि विचारायलाच हवेत. प्रबंध दाखल झाला की त्याचा दोन पानी मराठी गोषवारा काढा आणि ज्यांनी वेळ दिला त्या प्रत्येकाला पाठवा, बंद पडलेल्या कंपन्यांच्या संस्थापकांनाही.